मान्यता आणि गाऱ्हाणें

आमच्या महाविद्यालयांतून "तौलनिक राजकारण" या नांवाचा जो विषय शिकविला जातो, त्याच्या आरंभींच्या प्रकरणांत विद्यार्थ्यास "अधिमान्यता" हा शब्द भेटतो. त्याच्या पाठोपाठ "अधिसत्ता", "राजकीय अभिवृत्ति", "राजकीय संस्कृति" हे शब्द येतात. त्यांची धाटणी संस्कृत असल्यामुळें ते आपल्याकडे फार जुने असावेत असा भास होतो. वस्तुतः ते इंग्रजी ग्रंथांतील संज्ञांस प्रतिशब्द म्हणून घडविलेले आहेत. परक्या ग्रंथांतून कल्पना घेण्यांत कमीपणा नाहीं. ज्ञानास देश नसतो. परंतु घेतलेली कल्पना आपल्या इतिहासावर ठेवून, ती कोठें बसते आणि कोठें सैल पडते, हें पाहणें घेणाराचें कर्तव्य आहे. तें कर्तव्य फारसें बजावलें गेलेलें नाहीं. इटली व मेक्सिको येथील नागरिकांच्या मनोवृत्तीचीं उदाहरणें परभणीच्या विद्यार्थ्यास पाठ येतात. त्याच जिल्ह्यांतील पाथरीचें उदाहरण त्यास कोणी सांगत नाहीं. प्रस्तुत लेखांत या शास्त्रांतील कांहीं प्रमुख ग्रंथकारांचीं मतें पाथरी व तिच्या भोवतालचा मुलूख यांच्या कसोटीस लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दाविषयीं. इंग्रजींतील "लेजिटिमसी" हा शब्द लॅटिन भाषेंतील कायदा या अर्थाच्या शब्दापासून निघाला. धर्मविवाहापासून झालेलें मूल, ज्यास आपण औरस म्हणतों, त्यासहि त्या भाषेंत हेंच विशेषण लावतात. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१४-१५ सालीं व्हिएन्ना येथें युरोपांतील मुत्सद्दी जमले, तेव्हां फ्रान्सच्या तालेरांनें याच तत्त्वाचा आधार घेऊन जुन्या राजघराण्यांचा पक्ष मांडला. म्हणजे प्रश्न होता तो गादीच्या औरसपणाचा. मराठींत या बाबतींत दोन जिवंत शब्द आहेत. पत्राच्या माथ्यावर "राजमान्य राजश्री" लिहिण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. आणि टिळकांस जनतेनें "लोकमान्य" म्हटलें. पहिल्या शब्दांत मान वरून खालीं येतो, दुसऱ्यांत तो खालून वर जातो. "अधिमान्यता" या पुस्तकी शब्दांत ही दिशाच पुसली गेली आहे. म्हणून यापुढें आम्ही "मान्यता" हाच साधा शब्द वापरणार आहों.

या विषयाचें आधुनिक विवेचन मॅक्स वेबर या जर्मन पंडितापासून सुरू होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं. म्यूनिच येथें जानेवारी १९१९ मध्यें दिलेल्या व्याख्यानांत, व १९२० सालीं त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या "अर्थव्यवस्था आणि समाज" या ग्रंथांत, त्यानें मान्यतेचे तीन प्रकार सांगितले : परंपरेनें आलेली, एखाद्या विभूतीच्या अलौकिक गुणांमुळें उत्पन्न झालेली, आणि कायद्याच्या चौकटींतून मिळालेली. भीति, स्वार्थ किंवा संवय यांमुळें घडणारें आज्ञापालन टिकाऊ नसतें, त्याच्या जोडीस या सत्तेचा हक्क रास्त आहे अशी श्रद्धा लागते, हें त्याचें मुख्य म्हणणें. सत्ता व बळ यांतील हा भेद त्यानें इतक्या स्पष्टपणें दाखविला, याबद्दल त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण श्रद्धा ही मनांत राहणारी वस्तु. ती आहे कीं नाहीं हें बाहेरच्यानें कशावरून ओळखावें ? माणसें निष्ठेचें सोंग करतात, किंवा दुसरा मार्ग नाहीं म्हणून मान तुकवितात, हें वेबर स्वतः मान्य करतो. परंतु सोंग आणि श्रद्धा यांची पारख करण्याचें साधन तो देत नाहीं. आमच्या मतें हीच या विवेचनांतील मोठी उणीव होय.

आतां पाथरीकडे येऊं. गोदावरीच्या उत्तरेस वसलेलें हें गांव आज तालुक्याचें ठिकाण आहे. अकबराच्या काळीं तें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठिकाण होतें. अहमदनगरच्या दरबारीं कांहीं काळ राहून पुढें विजापुरास गेलेला इतिहासकार फिरिश्ता या गांवाची एक विलक्षण हकीकत सांगतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. विजयनगरच्या मुलखांतून तो बहामनी फौजेच्या हातीं कैदी म्हणून सांपडला व पुढें मुसलमान होऊन मोठ्या पदास चढला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. घराण्यास राज्य मिळाल्यावर पाथरीकडील आप्त ब्राह्मण अहमदनगरास आले, आणि वडिलार्जित ठिकाण पुन्हां मिळावें म्हणून त्यांनीं गाऱ्हाणें घातलें. पाथरी तेव्हां वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. मलिक हसनचा नातू बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारांतून इमादशहास पत्र गेलें कीं, पाथरी आम्हांस द्यावी आणि तिच्या मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्यावा. इमादशहानें नकार देऊन गांवाचा बंदोबस्त वाढविला. तेव्हां १५१८ सालीं निजामशाही फौजेनें पाथरी घेतली. ती पुन्हां इमादशहाकडे गेली, व १५२७ च्या सुमारास बुऱ्हाणनें ती परत जिंकून किल्ला जमीनदोस्त केला आणि तो प्रांत आपल्या ब्राह्मण आप्तांस दिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असें फिरिश्ता लिहितो.

या हकीकतींतील हेतूंबद्दल मतभेद होऊं शकेल. सीमेवरचें ठाणें हवें असणाऱ्या राजास वडिलांच्या वतनाचें निमित्त सोयीचें असतें, असें कोणी म्हणेल. तें खरें धरलें तरी निमित्त म्हणून हेंच कां निवडलें, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या पदरीं फौज आहे, तोफा आहेत, ज्याच्या नांवाचा खुतबा वाचला जातो, त्यानें एका कुलकर्ण्याच्या वतनासाठीं शेजारच्या राजास पत्र धाडावें, आणि तें मोबदला देऊं करून, याचा अर्थ काय ? आम्हांस तो असा दिसतो. बुऱ्हाणची गादी त्याच्या बापानें, मलिक अहमदानें, १४९० सालीं मिळविलेली. तशाच गाद्या भोवतीं आणखी चार होत्या. पाथरीचें वतन मात्र त्या सर्वांहून जुनें. गादी तरवारीनें मिळते हें सर्वांस ठाऊक होतें. वतन हक्कानें मिळतें हेंहि सर्वांस ठाऊक होतें. वेबरच्या पद्धतीनें या दोन्ही गोष्टी "परंपरा" या एकाच खणांत पडतात. पण दख्खनच्या माणसाच्या मनांत हे दोन खण वेगळे होते. वरचे राजे बदलत. खालीं पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची मान्यता राजावर अवलंबून नसे, उलट राजाच तिचा आधार शोधी. "गांव करी तें राव न करी" ही म्हण आमच्या भाषेंत उगीच रूढ झालेली नाहीं.

या खालच्या मान्यतेचें स्वरूप कसें होतें तें जुन्या महजरांवरून कळतें. वतनाचा तंटा लागला कीं वादी व प्रतिवादी आपलें गाऱ्हाणें गोतसभेपुढें नेत. सरकारी अंमलदार व काझी यांच्या बरोबर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार तेथें बसत, साक्षी होत, निर्णयाच्या कागदावर ज्यास लिहितां येई तो सही करी, पाटील नांगराची निशाणी काढी व बलुतेदार आपआपल्या धंद्याच्या हत्याराची. "पांचांमुखीं परमेश्वर" म्हणतात तो हा प्रकार. त्याचें गोड चित्र रंगविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या सभेंतील मान जातीच्या उतरंडीनें वांटलेला होता, आणि स्त्रियांचा आवाज तेथें क्वचित्‌च पोंचे. तथापि या सभेकडे पाहिलें म्हणजे आल्मंड व व्हर्बा या अमेरिकन पंडितांच्या ग्रंथाची आठवण होते.

त्यांचा "नागरी संस्कृति" हा ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली व मेक्सिको या पांच देशांतील सुमारें पांच हजार माणसांस प्रश्न विचारून त्यांनीं राजकीय वृत्तीचे तीन नमुने ठरविले : आपल्या गांवापलीकडे राज्य आहे याची जाणीव नसलेली संकुचित वृत्ति, राज्य आहे हें जाणून मुकाट्यानें त्याची आज्ञा पाळणारी प्रजावृत्ति, आणि राज्यकारभारांत आपलाहि हात आहे असें मानणारी सहभागी वृत्ति. आतां नांगराची निशाणी करणारा गांवकरी यांपैकीं कोणत्या वर्गांत घालावा ? अहमदनगरास कोण गादीवर आहे याची त्यास फारशी दाद नाहीं, म्हणून तो संकुचित. सारा भरतो, म्हणून प्रजा. गोतांत बसून वतनाचा निवाडा करतो, म्हणून सहभागी. प्रत्यक्षांत या वृत्तींचें मिश्रण आढळतें हें ग्रंथकारांस मान्य आहे. पण त्यांचा सगळा मोजमाप राजधानींतून सुरू होतो. ज्याची नजर राजधानीकडे नाहीं त्याची गणना ते खालच्या पायरीवर करतात. गांवकऱ्याची नजर राजधानीकडे कां नव्हती, तर त्याचें गाऱ्हाणें तेथें सुटत नव्हतें म्हणून, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

या ग्रंथांतील एका गोष्टीची मात्र मनापासून प्रशंसा केली पाहिजे. अन्यायाचा कायदा होऊं घातला तर तुम्ही काय कराल, आणि सरकारी कचेरींत किंवा पोलिसाकडे गेलां तर तुमचें म्हणणें कितपत ऐकून घेतलें जाईल, हे प्रश्न त्यांनीं विचारले. सबंध ग्रंथांत याहून मोलाचे प्रश्न नाहींत. राज्याविषयीं तुम्हांस अभिमान वाटतो काय, या प्रश्नास माणूस भीडेनें उत्तर देईल. पण गाऱ्हाणें कोठें नेतां, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या वागणुकींत दिसतें. वेबरपाशीं जें साधन नव्हतें तें येथें हातीं येतें, आणि आमच्या मतें मान्यतेची खरी कसोटी हीच. मनुष्य आपल्यावरील अन्यायाची दाद ज्याच्याकडे मागतो, त्याची सत्ता तो मान्य करतो. गाऱ्हाणें कडू असेल, शिव्यांनीं भरलेलें असेल, तरी तें मान्यतेचेंच चिन्ह होय. जेव्हां गाऱ्हाणें थांबतें तेव्हां दोनच शक्यता राहतात : लोक सुखी आहेत, अथवा त्यांनीं त्या दारावर पुन्हां न जाण्याचें ठरविलें आहे.

ही कसोटी हैदराबादच्या राज्यास लावून पाहावी, कारण पाथरी १९४८ पर्यंत त्या राज्यांत होती. १७२४ सालीं साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्कानें दख्खनचा कारभार हातीं घेतला. पण त्यानें व त्याच्या वंशजांनीं बादशहा ही पदवी घेतली नाहीं, आणि १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादचें नाणें मोगल बादशहाच्याच नांवानें पडत होतें. प्रत्यक्ष सत्ता एकाची व मान्यता दुसऱ्याच्या नांवाची, असा हा सव्वाशें वर्षांचा संसार. मराठी बोलणारी प्रजा त्या मुलखास "मोगलाई" म्हणत असे. त्याच शब्दास मराठींत आणखी एक अर्थ चिकटला. "ही काय मोगलाई लागून गेली आहे ?" असें आपण अंदाधुंदी पाहून विचारतों. सर्व प्रश्नावल्यांनीं जी राजकीय वृत्ति शोधावयाची ती या एका शब्दांत सांठून राहिली आहे. आणि तरीहि या प्रजेनें पिढ्यान्‌पिढ्या सारा भरला. केवळ सारा भरला जातो यावरून मान्यतेचा निष्कर्ष काढणारा अभ्यासक येथें फसल्यावांचून राहणार नाहीं.

१९३७ सालीं त्या वेळच्या परभणी जिल्ह्यांतील परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. त्या राज्यांत सभा भरविणें ही सोपी गोष्ट नव्हती. "गश्ती निशाण ५३" या हुकमान्वयें सभेस परवानगी लागे. परिषदेचें धोरण अर्ज-विनंत्यांचें होतें. पुढच्याच वर्षीं स्थापन होऊं घातलेल्या स्टेट काँग्रेसनेंहि जबाबदार राज्यपद्धति मागितली ती असफजाही घराण्याच्या छत्राखालीं. म्हणजे गाऱ्हाणें अजून निजामाच्याच दारीं होतें. सरकारनें सप्टेंबर १९३८ मध्यें, संस्था रीतसर उभी राहण्यापूर्वींच, तिच्यावर बंदी घातली. ती १९४६ पर्यंत टिकली. १९३९ च्या सुधारणा जाहीर करतांना सरकारनें आपलें तत्त्वज्ञान सांगितलें तें असें कीं, राजा हाच प्रजेचा साक्षात् प्रतिनिधि, आणि आज आहेत उद्यां नाहींत अशा निवडलेल्या सभासदांपेक्षां त्याचें प्रजेशीं नातें अधिक स्वाभाविक व अधिक टिकाऊ. परंपरागत मान्यतेचें याहून शुद्ध प्रतिपादन वेबरच्या ग्रंथांतहि सांपडावयाचें नाहीं. पण प्रजेचा प्रतिनिधि आपणच आहों असें म्हणणारा राजा प्रजेचें गाऱ्हाणें ऐकण्याचें दार बंद करीत होता.

याचा परिणाम नऊ वर्षांत दिसून आला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं स्टेट काँग्रेसनें भारतांत सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला, तेव्हां निजामाचें छत्र मागण्यांतून नाहींसें झालें होतें. पुढील तेरा महिन्यांत मराठवाड्यांत करोडगिरीचे नाके जाळले गेले, सरकारी उत्पन्न बुडावें म्हणून शिंदीचीं झाडें तोडलीं गेलीं, लेव्हीचें धान्य देण्याचें नाकारलें गेलें, पाटील-पटवाऱ्यांनीं राजीनामे दिले. यांतील एकहि कृत्य गाऱ्हाण्याचें नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे पुढारी तुरुंगांत असतांहि हें चालू राहिलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा आंत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. पांच दिवसांत जें कोसळलें त्याचा पाया फार आधीं पोखरला गेला होता.

परंतु येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, व तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. "प्रजा" असें आपण एकवचनीं म्हणतों. ती एक होती काय? इत्तेहादुल मुसलमीनचे पुढारी बहादुर यार जंग यांनीं असा सिद्धान्त मांडला होता कीं, हैदराबादचें सार्वभौमत्व तेथील मुसलमान समाजाचें असून निजाम हें केवळ त्याचें प्रतीक होय. पाथरीसारख्या मिश्र वस्तीच्या गांवांत एकाच गल्लींत दोन माणसांस एकच सत्ता अगदीं वेगळी दिसत होती. आणि सप्टेंबर १९४८ नंतर या चित्राची उलटापालट झाली. मराठवाड्याच्या कित्येक भागांत निरपराध मुसलमानांची हत्या झाली. दिल्लीच्या सरकारनें चौकशीसाठीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचें मंडळ धाडलें. मृतांचा आंकडा २७ ते ४० हजार असावा असा अंदाज त्यांनीं दिला. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. गाऱ्हाणें ऐकून घेतलें, पण तें दप्तरांत बांधून ठेवलें. ज्या राज्यास आपण सर्वार्थानें लोकमान्य म्हणतों त्याच्या जन्माच्या वेळचीच ही गोष्ट आहे, आणि आमची कसोटी निजामास लावावयाची तर ती येथेंहि लावलीच पाहिजे. डेव्हिड बीथम या इंग्रज पंडितानें १९९१ सालीं वेबरवर टीका करतांना म्हटलें कीं, लोकांस सत्ता रास्त वाटते कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं, तर ती त्यांच्या श्रद्धांच्या आधारें समर्थनीय ठरते कीं नाहीं तें पाहावें. या टीकेस आमची पुस्ती एवढीच कीं, कोणाच्या श्रद्धा, हेंहि प्रत्येक वेळीं विचारावें.

जुन्या राज्याचें नव्यांत रूपांतर कसें झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. २३ नोव्हेंबर १९४९ रोजीं निजामानेंच फर्मान काढून भारताची राज्यघटना आपल्या राज्यास लागू केली, आणि २६ जानेवारी १९५० पासून तोच हैदराबादचा राजप्रमुख झाला. जुन्या मान्यतेनें नव्या मान्यतेस सनद द्यावी असा हा प्रसंग. लिपसेट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९६० च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, युरोपांतील व इंग्रजी भाषिक देशांतील बारा स्थिर लोकशाह्यांपैकीं दहांत राजपद कायम होतें. जुनें प्रतीक राखल्यानें जुन्या निष्ठावंतांस नवें राज्य परकें वाटत नाहीं. हैदराबादेंत हें धोरण १९५६ पर्यंत चाललें. पण परभणीच्या शेतकऱ्यास राजप्रमुखापेक्षां १९५२ च्या निवडणुकीची मतपेटी अधिक जवळची वाटली असल्यास नवल नाहीं. तेथें प्रथमच त्याच्या निशाणीस, नांगर असो वा नसो, सर्वांच्या निशाणीएवढीच किंमत आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. तेव्हांपासूनचा त्याचा इतिहास हा गाऱ्हाण्यांचा इतिहास आहे. १९५३ चा नागपूर करार पाळला जात नाहीं, ही तक्रार. १९७४ चें मराठवाडा विकास आंदोलन. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठीं नेमलेली व १९८४ सालीं अहवाल देणारी दांडेकर समिति. घटनेच्या ३७१ व्या कलमान्वयें १९९४ सालीं निघालेलें विकास मंडळ, ज्याची मुदत एप्रिल २०२० मध्यें संपली. ही यादी पाहून कित्येकांस वाटतें कीं मराठवाड्याचें मन या राज्यांत रमलेलें नाहीं. आमचें मत नेमकें उलट आहे. १९४७-४८ सालीं नाके जाळले गेले. १९७४ सालीं विद्यार्थ्यांनीं मागण्या केल्या. नाका जाळणारा राज्यास म्हणत होता, तूं आमचा नव्हेस. मागणी करणारा म्हणत होता, तूं आमचा असून असा कां वागतोस ? डेव्हिड ईस्टन यानें सरकारच्या कामगिरीस मिळणारा पाठिंबा व राज्यव्यवस्थेस मिळणारा पाठिंबा यांत जो भेद केला आहे, त्याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

या कसोटीसहि मर्यादा आहेत. गाऱ्हाणें पुढाऱ्याच्या, जातीच्या किंवा मध्यस्थाच्या तोंडून गेलें म्हणजे तें मूळचें कोणाचें हें कळत नाहीं. कधीं कधीं गाऱ्हाणें हा नुसता विधि होऊन बसतो : निवेदन द्यावयाचें, छायाचित्र काढावयाचें, आणि घरीं जावयाचें. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरींत महिन्याच्या पहिल्या सोमवारीं "लोकशाही दिन" भरविण्याची महाराष्ट्रांत पद्धत आहे. तेथें आलेल्या अर्जांची संख्या मोजून मान्यतेचा आंकडा काढतां येणार नाहीं. तोच माणूस दुसऱ्या वर्षीं कोणता अर्ज घेऊन येतो, कीं येतच नाहीं, हें पाहावें लागेल. प्रश्नावलीनें एका दिवसाचें मन कळतें. मान्यता कळण्यास वर्षांमागून वर्षें तेंच दार पाहत बसावें लागतें.

म्हणून आमच्या विद्यापीठांतील तरुण अभ्यासकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. वेबर वाचावा, आल्मंड-व्हर्बाहि वाचावे. त्यांच्यावांचून प्रश्न विचारतां येत नाहींत. पण उत्तरांसाठीं तालुक्याच्या कचेरींतील आवक-जावक पुस्तकें, जुने महजर आणि निजामकालीन अर्ज उघडावे. आणि ज्यांच्या हातीं कारभार आहे त्यांनीं, मोर्चा येतो म्हणून प्रजा बिघडली व गांव शांत आहे म्हणून प्रजा राजी आहे, असा अर्थ काढण्यापूर्वीं हैदराबादच्या शेवटच्या दहा वर्षांचा इतिहास एकवार वाचून पाहावा, अशी आमची विनंति आहे.